पोराचे मन आणि परिवीक्षेचा कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की मी किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर किंवा फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेन. त्यांवर मी वर्षभर बोलतच असतो आणि तुमच्यापैकी काहींनी ते कारखान्याच्या गेटवर उभे राहून ऐकलेही आहे. आज मला परिवीक्षा अधिकाऱ्याविषयी बोलायचे आहे. हा विषय मी सांगितला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "म्हणजे बँकेतला पीओ का?" त्याचा काही दोष नाही. बँकेत पीओ व्हायला निघालेली मुले आपल्या गावात अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसतात. परंतु कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलासाठी सरकारने नेमलेला दुसराही एक प्रोबेशन ऑफिसर असतो, हे त्या मुलाच्या आईबापांना पोरगा पकडला जाईपर्यंत कळत नाही, आणि कित्येकांना त्यानंतरही कळत नाही.

मी मानसशास्त्र शिकलेला माणूस नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर, तारखेची वाट पाहत. पण युनियनचे काम करणाऱ्या माणसाच्या दारात रात्री दहा वाजता जी माणसे येतात ती काही पगाराच्याच तक्रारी घेऊन येत नाहीत. "भाऊ, पोराला पोलिसांनी नेलं," असे म्हणत विडी वळणारी बाई येते, हमाल येतो, यंत्रमागावरचा कामगार येतो. त्यांच्याबरोबर बाल न्याय मंडळाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी जे पाहिले, आणि ते समजावे म्हणून जे वाचले, ते आज सांगतो.

आधी कायदा थोडक्यात पाहू. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक स्त्री असावी लागते. मूल ताब्यात आले की पोलिसांनी आईबापांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचे, आणि त्या अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा. घर कसे आहे, बाप काय करतो, शाळा का सुटली, मित्र कोण, व्यसन आहे काय, मनाची अवस्था कशी आहे, हे सगळे त्या अहवालात यावे लागते. मुलाला समज देऊन घरी सोडायचे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षेखाली ठेवायचे, की तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात पाठवायचे, हे मंडळ ठरवते. पण मंडळाचे डोळे म्हणजे हा कागद. मंडळाने त्या मुलाचे घर पाहिलेले नसते. पाहिलेले असते ते परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे त्याने ते पाहिले असेल तर.

मे २०२४ मध्ये पुण्याला कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण माणसे गेली, तेव्हा तीनशे शब्दांच्या निबंधावरून सबंध महाराष्ट्र पेटला. तो राग मी समजू शकतो. दोन घरांतले कर्ते जीव गेले होते. परंतु त्या महिन्यात चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत मी ज्या चर्चा ऐकल्या त्यांत परिवीक्षा अधिकारी हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. जामीन त्याच दिवशी झाला होता. ज्या कागदावर मुलाची खरी पारख व्हायची तो कागद यायला कायद्यानेच दोन आठवडे दिलेले आहेत. आपण सगळ्यांनी निकाल त्याआधीच देऊन टाकला.

हे पद आले कोठून, हे सांगायला मला विशेष आनंद वाटतो, कारण त्याचा मूळपुरुष वकील नव्हता, डॉक्टर नव्हता, तर जोडे शिवणारा कारागीर होता. अमेरिकेत बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाचा हा गृहस्थ दारूबंदीच्या चळवळीत होता. १८४१ साली पोलीस कोर्टात एका दारुड्याला शिक्षा होणार, तेवढ्यात ऑगस्टसने त्याचा जामीन भरला आणि त्याला आपल्या देखरेखीखाली घेतले. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, स्वच्छ कपड्यांत कोर्टापुढे उभा राहिला. न्यायाधीशाने नाममात्र एक सेंट दंड केला आणि सोडले. मग ऑगस्टसने हा उद्योगच आरंभला. १८४३ पासून तो लहान मुलांनाही जामिनावर सोडवू लागला. १८५९ साली मरेपर्यंत त्याने सुमारे १९४६ माणसांचा जामीन घेतला असे नोंदवलेले आहे. दुकानाकडे दुर्लक्ष होऊन धंदा बुडाला, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. मला ती महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुढे १८९९ मध्ये शिकागोला मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले. त्या कायद्यात परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद होती, पण त्यांना सरकारी तिजोरीतून पगार द्यायचा नाही अशीही होती! सुरुवातीला तिथल्या स्त्रियांच्या मंडळाने वर्गणी काढून त्यांचे पगार भागवले. त्याच शहरात १९०९ साली विल्यम हीली या डॉक्टरने न्यायालयात येणाऱ्या मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी संस्था काढली. एकाच चोरीमागे एका मुलाची भूक असते, दुसऱ्याची मिरगी असते, तिसऱ्याच्या घरातले एखादे गुपित असते. तेव्हा गुन्ह्याचे नाव सारखे म्हणून मुले सारखी नव्हेत, हा त्याच्या सांगण्याचा गाभा होता. आज ते सोपे वाटते. त्या काळी कवटीचा आकार मोजून गुन्हेगार ओळखू पाहणारे पंडित होते.

आपला प्रांतही मागे नव्हता. मुंबईचा मुलांचा कायदा १९२४ चा; त्याआधी फक्त मद्रास आणि बंगाल. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३६ साली नागपाड्यात, म्हणजे ऐन कामगारवस्तीत, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, आणि १९३७ मध्ये तिने मुलांच्या मनोविकारांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातले ते पहिले. त्याच्याही आधी, १९११ साली, ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती, आणि हेच जोशी पुढे आमच्या कामगार चळवळीचे आद्य पुढारी झाले. म्हणजे मुलाचे मन आणि बापाचा पगार हे दोन वेगळे खाते आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या अधिकाऱ्याला मनाच्या आजाराविषयी काय ठाऊक असायला हवे, आणि ते नसेल तर काय होते?

२००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांत, बहुतेक पाश्चात्त्य देशांत, कोठडीत वा सुधारगृहात असलेल्या मुलामुलींच्या २५ पाहण्या त्यात एकत्र केल्या होत्या. मुलांपैकी शेकडा दहा-अकरा जणांना तीव्र नैराश्य होते. मुलींपैकी शेकडा एकोणतीस जणींना. वास्तवाचे भान सुटण्याइतका गंभीर आजार मुलांत शेकडा तिघांना होता. एका जागी चित्त न ठरण्याचा विकार मुलांत शेकडा अकरा-बारा जणांना होता. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या सर्वसाधारण मुलांत कोणता ना कोणता मनोविकार असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सात सव्वासात निघाले होते. दोन्हींची मोजणी वेगवेगळी, तेव्हा तुलना काटेकोर नव्हे. पण बाकावर बसलेल्या दहा पोरांत एकदोन तरी अशी असणार की त्यांना फौजदारापेक्षा डॉक्टराची गरज आहे, एवढे यातून समजायला हरकत नाही.

अडचण अशी आहे की मुलाचे दुःख मोठ्या माणसाच्या दुःखासारखे दिसत नाही. मोठा माणूस खचला की कोपऱ्यात बसतो, जेवत नाही, रडतो. आपण म्हणतो, बिचारा. पंधरा वर्षांचा मुलगा खचला की चिडतो, दार आपटतो, उलट बोलतो. आपण म्हणतो, माजलाय. मुलांमधल्या नैराश्यात चिडखोरपणा हे मुख्य लक्षण असू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्याचे चित्त ठरत नाही तो मंडळापुढे पाय हलवतो, मधेच बोलतो, खिडकीबाहेर पाहतो, आणि अहवालात शब्द पडतो 'बेफिकीर'. ज्याची बुद्धी मंद आहे तो तर सगळ्यांत फसतो. असा मुलगा समोरच्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. तू तिथे होतास? हो. तूच मारलेस? हो. तुला समजले का? हो. हा कबुलीजबाब नव्हे. मास्तरांचा मार चुकवण्याची ती लहानपणापासून अंगवळणी पडलेली रीत आहे. ज्याच्या कानाला कमी ऐकू येते त्याला मग्रूर समजतात. व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगणारा, गांजा ओढणारा मुलगा आत आल्यावर पहिले काही दिवस थरथरतो, झोपत नाही, अंगावर धावून जातो. ते व्यसन तुटतानाचे हाल आहेत हे माहीत नसेल तर त्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न होतो. आणि ब्लेडने हातावर कापून घेतलेल्या मुलाविषयी "नाटक करतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की मला संताप येतो.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबतो, कारण येथे जीव जातो. "जीव द्यावासा वाटतो का रे?" असे मुलाला विचारू नये, विचारल्याने त्याच्या डोक्यात ते येईल, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. शिकलेल्या माणसांतही आहे. ती चुकीची आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने कल्पना रुजत नाही. उलट ज्याच्या डोक्यात ती आधीच आहे त्याला बोलायला जागा मिळते. हे एक वाक्य जरी प्रत्येक परिवीक्षा अधिकाऱ्याला, निरीक्षणगृहातल्या प्रत्येक पहारेकऱ्याला आणि स्वयंपाकिणीला समजले, तरी पुष्कळ होईल.

एक प्रकरण सांगतो. जिल्हा दुसरा आहे, नावगाव सांगत नाही. सोळाएक वर्षांचा मुलगा, यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायचा. मग ते काम सोडले, आणि दोन साथीदारांबरोबर बंद शेडमधली तांब्याची तार चोरताना सापडला. मंडळापुढे अहवाल आला तेव्हा त्याच्या आईशेजारी मी बसलो होतो. अहवालात होते: मुलगा उद्धट आहे, प्रश्नांना उत्तरे देत नाही, पश्चात्ताप दिसत नाही, घरचे नियंत्रण नाही. चार वाक्ये, आणि एकही खोटे नाही. मुलगा खरोखरच उत्तर देत नव्हता. बाप नाही आणि आई दोन पाळ्या करते, म्हणजे घरचे नियंत्रण नव्हतेच.

पुढची तारीख पडली. मधल्या काळात ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. ही बाई वयाने लहान होती, नुकतीच लागलेली. ती दुपारी न जाता दिवेलागणीला त्या घरी गेली, कारण दुपारी त्या वस्तीत कोणी घरी नसते, हे तिला ठाऊक होते. आजी भेटली. आजीने भाकऱ्या थापता थापता सांगितले की दीड वर्षापूर्वी पोराचा बाप शेडमध्ये विजेच्या धक्क्याने गेला, आणि तेव्हा पोरगा त्याला डबा द्यायला गेला होता. तेव्हापासून तो घरात झोपत नाही, पत्र्यावर झोपतो. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की दचकतो. मालकाच्या शेडमध्ये पाय टाकत नाही म्हणून काम सुटले. आणि चोरी केली ती कोठे? दुसऱ्या बंद शेडमध्ये, वीज तोडलेल्या. दुसऱ्या दिवशी ती निरीक्षणगृहात गेली आणि तिने गुन्ह्याविषयी काहीही न विचारता एवढेच विचारले, "रात्री झोप लागते का रे?" पोरगा तासभर रडला, असे तिने मला पुढे सांगितले.

तिने निदान केले नाही. ते तिचे काम नव्हते आणि तिला त्याची जाण होती. अहवालात तिने घटना लिहिली, लक्षणे लिहिली, आणि मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असे सुचवले. मुलगा परिवीक्षेवर सुटला, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊ लागला. आता एकदम सुधारला असे तुम्हाला वाटत असेल तर तसे झाले नाही. सहा महिन्यांनी मारामारीत पुन्हा चौकीवर गेला. औषध मधेच सोडले, पुन्हा धरले. आता टायरच्या दुकानात आहे आणि बऱ्यापैकी झोपतो.

त्याच्या बापाच्या भरपाईचा दावा तिथल्या आमच्या माणसांनीच चालवला होता. १९२३ च्या कायद्यात कामगाराच्या जिवाची किंमत काढण्याचे कोष्टक होते. वय आणि पगार यांवरून आकडा निघत असे. ज्याने ते मरण पाहिले त्या पोरासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. ते ओझे शेवटी येऊन पडते परिवीक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर, चोरी म्हणून.

मनाविषयीच्या या सामान्य जाणिवेला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म या संशोधकाने १९९७ मध्ये मानसिक आरोग्याची साक्षरता असे नाव दिले. मला साक्षरता हा शब्द आवडतो. साक्षर माणूस पंडित नसतो, पण पाटी वाचून योग्य गाडीत बसतो. अमेरिकेत थॉमस ग्रिसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने दाखल होणाऱ्या मुलांसाठी ५२ प्रश्नांची एक प्रश्नावली केली. हो किंवा नाही एवढेच उत्तर, पंधरा मिनिटांचे काम, आणि ती घेणारा मानसशास्त्रज्ञ असावा लागत नाही. आजार कोणता हे ती सांगत नाही. कोणाला आज रात्री एकटे ठेवू नये आणि कोणाला उद्या डॉक्टरला दाखवावे, एवढे सांगते. आपल्याकडेही बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०२० साली केंद्र सरकारच्या साह्याने 'संवाद' हा उपक्रम सुरू झाला. संकटातल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना शिकवणे हे त्याचे काम. तेव्हा ज्ञान नाही असे नाही. ते बंगळूरहून तालुक्याच्या वस्तीपर्यंत पोचायचे आहे.

पण येथे मला उलट बाजूचीही भीती सांगितली पाहिजे. अर्धे ज्ञान हातात आले की माणूस शिक्के मारू लागतो. मनाच्या आजाराचे एखादे लांबलचक नाव अहवालात पडले की ते पुसत नाही. मुलगा मोठा होतो, नाव तसेच राहते. या मातीत तर शिक्क्यांचा इतिहास फार जुना आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मतःच माणसे गुन्हेगार ठरवली. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तार निघाली, संशय निघाला नाही. पारध्याचे पोर बाजारात दिसले की अजून नजरा वळतात. उद्या त्याच पोराच्या कागदावर 'याची जातच तशी' याऐवजी शास्त्रीय भाषेत 'याचा स्वभावविकारच तसा' असे येणार असेल, तर आपण कुंपणाची फक्त तार बदलली. अधिकाऱ्याने पाहिलेले लिहावे, ऐकलेले लिहावे. मुलगा तीन रात्री झोपला नाही, हे लिहावे. नाव डॉक्टरने द्यावे.

दुसरी भीती कायद्याच्या पंधराव्या कलमाची. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर कायदा बदलला. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक कुवत, परिणाम समजण्याची क्षमता, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालावा काय हे ठरते. यासाठी मंडळ तज्ज्ञाची मदत घेऊ 'शकेल' असे कायद्यात होते. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र जाणणारा व्यावसायिक नसेल, तर ही मदत घेणे बंधनकारक आहे. फार चांगले झाले. पण आमच्या कारखान्यांतल्या खातेनिहाय चौकश्या मी पाहिल्या आहेत. तेथे चौकशी अधिकारी गोड बोलून कामगाराकडून जे वदवून घेतो तेच पुढे त्याच्या बडतर्फीच्या पत्रात उतरते. पोराने विश्वासाने परिवीक्षा अधिकाऱ्याला जे सांगितले, तेच त्याला मोठ्यांच्या न्यायालयात ढकलण्यासाठी वापरले जाणार असेल तर पुढचा पोरगा तोंड उघडेल काय? मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, असे कायदा स्वतःच म्हणतो. तेव्हा मदतीसाठी विचारलेले आणि मूल्यमापनासाठी विचारलेले यांत भिंत असली पाहिजे, आणि कोणत्या भिंतीच्या अलीकडे तो बसला आहे हे मुलाला आधी सांगितले पाहिजे.

आणि आता जॉन ऑगस्टसच्या बुडालेल्या दुकानाकडे. आपण ज्याच्याकडून हे सगळे मागतो आहोत, तो कोण आहे? जिल्हा बाल संरक्षण कक्षातला विधी-तथा-परिवीक्षा अधिकारी बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहे, एकवट मानधनावर. त्याचे कंत्राट संपते, नूतनीकरण होते, कधी मानधन थकते. कायम पदे आहेत तेथे ती रिकामी राहतात आणि एकाच माणसाकडे दोघा-तिघांचे काम येते. मंडळाची तारीख, वस्तीभेट, अहवाल, वरून मागवलेली माहिती, त्याच्या जोडीला आणखी चार योजना. प्रवासभत्ता मिळेल तेव्हा मिळेल. असा माणूस दिवेलागणीला स्वतःच्या पेट्रोलने वस्तीत जाऊन आजीच्या भाकऱ्या होईपर्यंत बसेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? फोनवर चार प्रश्न विचारून अहवाल भरला जातो तो दुष्टपणाने नव्हे. मी प्रशिक्षणाच्या विरुद्ध नाही; पण ज्याला तुम्ही तीन दिवस शिकवता आणि पुढच्या मार्चअखेर घरी पाठवता, त्याच्याबरोबर ते शिक्षणही घरी जाते. मुलाचा विश्वास बसायला महिने लागतात. तेवढे महिने त्या अधिकाऱ्याला नोकरीचा तरी विश्वास हवा. आणि रोज मारझोड, बलात्कार, आत्महत्या यांचे कागद वाचणाऱ्या या माणसाचे स्वतःचे मन कोण पाहतो? यंत्रावर काम करणाऱ्याला हातमोजे द्यावे लागतात.

तुम्ही म्हणाल, हे सरकारचे. आम्ही नागरिकांनी काय करायचे? माझे म्हणणे साधे आहे. गावातले मनोविकारतज्ज्ञ येथे बसले आहेत. त्यांनी महिन्यातली एक दुपार परिवीक्षा अधिकाऱ्यांबरोबर बसावे, पेशंट तपासायला नव्हे, प्रकरणांवर बोलायला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला मागायला आलेल्या या अधिकाऱ्याला बाकावर तिष्ठत ठेवू नये. मुलाविषयी, किंवा स्वतःविषयीच, कोणाला रात्री-अपरात्री काळजी वाटली तर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या, पैसे पडत नाहीत. आणि कारखानदार मंडळी पुढच्या रांगेत दिसत आहेत म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत हेही आहे की देखरेखीखालच्या माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा. तो तुमच्या दारात येईल तेव्हा, "पोलिसातली भानगड आहे ना?" असे विचारून त्याला परत पाठवू नका.

कारण ती भानगड कायद्याने राहत नाही. मुलाला दोषी ठरवले तरी त्यामुळे त्याला पुढे कोणत्याही बाबतीत अपात्र धरता येत नाही, असे २०१५ च्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते; अपवाद फक्त सोळावर्षांवरील ज्याच्यावर प्रौढासारखा खटला चालून दोष ठरला त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका सुरक्षा दलाच्या भरतीच्या प्रकरणात हेच सांगितले की लहानपणीच्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही. अपिलाची मुदत संपली की त्या नोंदी नष्ट कराव्यात, असाही आदेश मंडळाने द्यायचा असतो. हा आदेश निघाला काय, पोलीस ठाण्यातला कागद खरोखर गेला काय, हे पाठपुरावा करून पाहणारा माणूस लागतो. गेल्या वर्षी टायरच्या दुकानातला तो मुलगा सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि 'यापूर्वी गुन्हा' या रकान्यावर बोट ठेवून गप्प बसला. त्याला मी त्या बाईंचा नंबर दिला. त्या आता तेथे नाहीत, कंत्राट संपले. तरीही त्या दोन वेळा मंडळाच्या कार्यालयात जाऊन आल्या, आणि आदेशाची प्रत मिळाली.